विश्लेषण : रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात गेल्यावर कोणाचे पत्र महागले, कोणाचे स्वस्त झाले?

वकिलाची नोटीस, नोकरीचा अर्ज, भाडेकरूला द्यायचे पत्र, सोसायटीच्या थकबाकीदाराला पाठवायची अंतिम सूचना… ‘रजिस्टर करून पाठवा’ एवढे सांगितले की पुढे काही समजवावे लागत नसे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही सेवा टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. महिनाभराने, १ ऑक्टोबरला, स्पीड पोस्टचे दरही बदलले. ‘टपाल महागले’ अशी त्यावर सार्वत्रिक प्रतिक्रिया उमटली. ती अर्धीच खरी आहे. काहींचे पत्र दुपटीहून महागले, तर काहींचे चक्क स्वस्त झाले. मालवाहतुकीच्या धंद्यात ग्राहकांचे वर्ग कसे पाडले जातात आणि एखादा वर्ग पुसला की त्याची किंमत कोण मोजतो, हे या बदलातून नेमके दिसते.

दोन सेवा होत्या, त्यांत फरक काय होता?

बाहेरून पाहता दोन्ही सारख्याच. दोन्हींची पावती मिळे, दोन्हींचा माग काढता येई आणि दोन्ही पत्रे बहुधा एकाच पोस्टमनच्या थैलीतून दारात येत. फरक होता तो वचनात. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या स्पीड पोस्टचे वचन वेगाचे होते. पत्र त्या पत्त्यावर लवकर पोहोचवायचे, तिथे ते घेतले कोणी हा मुद्दा दुय्यम. रजिस्टर पोस्टचे वचन व्यक्तीचे होते. ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्याच, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात ते पडणार, त्याची सही घेतली जाणार. त्याला दोन दिवस जास्त लागले तरी पाठवणाऱ्याची तक्रार नसे.

म्हणजे एका सेवेचा ग्राहक घाईत होता आणि दुसऱ्याला पुरावा हवा होता. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही यातला भेद सांगावा लागणार नाही.

मग विलीनीकरणाची गरज का भासली?

पहिले कारण घटत्या मागणीचे. २०११-१२ मध्ये देशात सुमारे २४ कोटी ४४ लाख रजिस्टर पत्रे पाठवली गेली होती. २०१९-२० पर्यंत हा आकडा १८ कोटी ४६ लाखांवर आला, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा घटला. बँका, सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे हे या सेवेचे मोठे गिऱ्हाईक. त्यांचा पत्रव्यवहार ईमेल आणि मोबाइलकडे वळला, आणि जो कागदावर उरला त्यातला बराचसा खासगी कुरिअरवाल्यांनी उचलला.

दुसरे कारण आतल्या कामाचे. दोन सेवा म्हणजे वर्गवारीची दोन टेबले, दोन याद्या, दोन वेगळ्या थैल्या आणि माग काढण्याच्या दोन पद्धती. इतके करून शेवटी दार तेच आणि पोस्टमन तोच. वाहतुकीच्या व्यवसायात प्रत्येक वेगळी सेवा म्हणजे वेगळी मांडणी, आणि मांडणी वाढली की खर्च वाढतो. त्यामुळे दोन्ही सेवा एकत्र करणे हिशेबाच्या दृष्टीने चुकीचे म्हणता येत नाही.

रजिस्टर पोस्टचे मूळ वैशिष्ट्य मात्र खात्याने टाकून दिलेले नाही. ‘नोंदणी’ ही आता स्पीड पोस्टवरची जोडसेवा आहे. नगामागे पाच रुपये आणि त्यावर जीएसटी भरला, की पत्र फक्त नाव असलेल्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्याला मिळते. तेवढ्याच पैशांत ओटीपी सांगितल्यावरच पत्र देण्याचीही सोय आहे. जी स्वतंत्र सेवा होती, ती आता वेगवान सेवेवर चढवलेला एक थर झाली आहे.

खिशावर परिणाम किती?

नव्या दरपत्रकातले आकडे जुन्यांशेजारी मांडल्याशिवाय हे कळत नाही. जुन्या रजिस्टर पत्राला पहिल्या २० ग्रॅमला पाच रुपये टपालखर्च आणि १७ रुपये नोंदणी शुल्क पडे. १८ टक्के जीएसटी धरून २५ रुपये ९६ पैसे. पुढे दर २० ग्रॅमला पाच रुपये आणि कर वाढत जाई.

नव्या स्पीड पोस्टला ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक पत्राला १९ रुपये, तर स्थानिक हद्दीबाहेर देशात कुठेही ४७ रुपये आहेत. त्यात नोंदणीचे पाच रुपये आणि कर मिळवला की स्थानिक पत्र २८ रुपये ३२ पैशांना जाते आणि बाहेरगावचे ६१ रुपये ३६ पैशांना. पोचपावतीचा खर्च या हिशेबात धरलेला नाही. म्हणजे पुण्यातल्या पुण्यात पाठवलेल्या एका पानाच्या पत्राला जेमतेम अडीच रुपये जास्त लागतात. तेच पान पुण्याहून लातूरला धाडायचे तर पूर्वीच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागतात.

आता वजन वाढवून पाहू. नोटिशीला करारनामा, बँकेची विवरणपत्रे, जुन्या पत्रांच्या झेरॉक्स जोडल्या आणि पाकीट २०० ग्रॅमचे झाले. जुन्या दराने त्याला ७९ रुपये ६ पैसे पडत. नव्या दरात ५० ते २५० ग्रॅमचा एकच टप्पा आहे. स्थानिक असेल तर नोंदणी आणि करासह ३४ रुपये २२ पैसे, २०० किलोमीटरच्या आत ७५ रुपये ५२ पैसे, ५०० किलोमीटरपर्यंत ८० रुपये २४ पैसे. शहरातल्या शहरात जाणारे जाड पाकीट निम्म्याहून कमी पैशांत जाऊ लागले. बरोबर २५० ग्रॅमचे पाकीट दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे पाठवले तर जुना आणि नवा दर पैशापर्यंत सारखा येतो, ९६ रुपये ७६ पैसे. त्याहून जवळच्या कोणत्याही अंतराला ते नव्या दरात स्वस्तच आहे. चारशे ग्रॅमच्या पाकिटाला पूर्वी १३८ रुपये ६ पैसे लागत. आता देशाच्या दुसऱ्या टोकालाही ते ११५ रुपये ६४ पैशांत पोहोचते.

थोडक्यात, भार जड पाकिटावरून हलक्या पत्राकडे सरकला. जड पाकिटे पाठवतात वकील, कंपन्या, बँका. एकपानी पत्र बाहेरगावी रजिस्टर करतो तो बहुतेक वेळा साधा माणूस : जमिनीच्या वादात तहसीलदाराकडे हरकत नोंदवणारा शेतकरी, थकलेला पगार मागणारा कामगार, पेन्शनच्या प्रकरणाचा पाठपुरावा करणारी विधवा. गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारे पत्र ‘स्थानिक’ धरले गेले नाही, तर त्याला थेट ४७ रुपयांचा दर लागतो. या ग्राहकाने वेग कधी मागितलाच नव्हता. त्याला आता तो विकत घ्यावा लागतो.

एक मुद्दा खात्याच्या बाजूनेही मांडायला हवा. स्पीड पोस्टचे दर याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये बदलले होते. तेरा वर्षांत डिझेल, पगार, भाडी कुठून कुठे गेली हे सर्वांना ठाऊक आहे. दरवाढ होणार होतीच. ती कोणत्या टप्प्यावर किती बसवायची, एवढाच निर्णय हातात होता.

ग्राहकांचे वर्ग पाडतात तरी कसे?

मालवाहतुकीत वर्ग पाडायच्या दोन रीती आहेत. एक वाहणाऱ्याच्या सोयीची : वजन किती, आकार किती, अंतर किती. ती मोजायला सोपी असते, तराजू आणि पिनकोड असला की काम भागते. दुसरी पाठवणाऱ्याच्या गरजेची : वेळ किती आहे, पुरावा हवा का, कोणाच्या हातात पडले पाहिजे, थंड ठेवावे लागते का, फुटले तर कोण भरून देणार, आणि खिशात किती आहे. ही रीत विचारून घ्यावी लागते, म्हणून महाग पडते.

खासगी कंपन्या पहिल्या रीतीत तरबेज आहेत. त्यांचे ‘आकारमानाचे वजन’ हे याचे उत्तम उदाहरण. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि अनेक ठिकाणी त्याला ५ हजारने भागायचे. ५० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्यात उशा भरल्या, तर तराजूवर ते तीन किलोही भरणार नाही, बिल मात्र १२ किलोचे येईल. गाडीतली जागा अडली ना, मग तिचे पैसे द्या. यात अन्याय नाही, पण घरगुती ग्राहकाला हे गणित खिडकीवर गेल्यावरच कळते.

दुसऱ्या रीतीत एकच माणूस वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या वर्गात मोडतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार घ्या. युरोपला जाणाऱ्या मालासाठी त्याला शीतगृह, थंड कंटेनर आणि बंदरावरची ठरलेली तारीख लागते. मुंबईच्या बाजारात माल पाठवताना रात्री भरून पहाटे पोहोचणारा ट्रक पुरतो. आणि बहिणीकडे एक पेटी धाडायची तर तो एसटीचे पार्सल पाहतो. तीनही वेळा द्राक्षे तीच आहेत. पण पहिल्या वेळी तो तापमान विकत घेतो, दुसऱ्या वेळी वेळ, आणि तिसऱ्या वेळी जमेल तितकी स्वस्ताई. त्याला ‘शेतमाल’ या एका खान्यात टाकून एकच दर लावला तर तीनपैकी दोन वेळा तो नाराज होणार.

रेल्वेने नवा वर्ग निर्माण केला तेव्हा काय झाले?

टपाल खात्याने एक वर्ग मिटवला. रेल्वेने काही वर्षांपूर्वी नेमके उलटे केले होते. मालगाडीने माल पाठवायचा तर रेल्वेला साधारणपणे पूर्ण रेक हवा असतो, म्हणजे चाळीसहून अधिक वाघिणी आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल. सिमेंट, खत, कोळसा, साखर यांना हे परवडते. पार्सलचा पूर्ण डबा घ्यायचा तरी २३ टन माल लागतो. डाळिंबाच्या वीस-पंचवीस क्रेट घेऊन स्टेशनवर आलेला शेतकरी या दोन्ही खान्यांत बसत नव्हता.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली किसान रेल सुटली. तिची खुबी वेगात नव्हती. किमान वजनाची अट नव्हती, एकाच गाडीत वेगवेगळी फळे-भाज्या चढत होत्या आणि वाटेतल्या थांब्यांवर माल भरता-उतरवता येत होता. त्यात फळे-भाज्यांच्या भाड्यावर ५० टक्के अनुदान मिळाले. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला रवाना झाली. पाच महिन्यांत शंभर फेऱ्या झाल्या, यावरूनच हा ग्राहक अस्तित्वात होता हे दिसते. त्याच्यासाठी खानाच नव्हता, म्हणून तो दिसत नव्हता. असा वर्ग चालवायला पैसे लागतात, आणि ते अनुदानातून आले, हेही तितकेच खरे.

टपाल खात्याकडे गरजेनुसार सेवा नाहीतच का?

आहेत, आणि काही तर अतिशय सुंदर आहेत. अंधांसाठीच्या ब्रेल साहित्याला सात किलोपर्यंत टपालखर्च माफ आहे. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळते. देशभरातल्या सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य खेड्यांत आहेत. खासगी संकेतस्थळावर ‘या पिनकोडला सेवा नाही’ असा संदेश आला की शेवटी याच कार्यालयाकडे वळावे लागते. तो पिनकोड ही सुद्धा एक वर्गवारीच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला आणि त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ओळख होती.

स्पीड पोस्टच्या नव्या दरातही ग्राहकांनुसार सवलती आहेत : विद्यार्थ्यांना १० टक्के, नव्या घाऊक ग्राहकांना ५ टक्के. त्यातली दुसरी सवलत व्यापारी शहाणपणाची आहे. मात्र ज्याचे पत्र हलके आहे, ज्याला घाई नाही आणि ज्याच्याकडे पैसे कमी आहेत, अशा ग्राहकासाठी या यादीत काही नाही.

पुस्तकांच्या बाबतीत काय घडले?

वर्ग पुसला की किती लवकर ओरड होते, याचा अनुभव खात्याला त्याच सुमारास आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची रजिस्टर बुकपोस्टची स्वस्त सेवा बंद झाली. छोटे प्रकाशक, वाचनालये, घरबसल्या पुस्तके विकणारे यांच्यासाठी ती फार मोलाची होती. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला शंभर रुपये वाहतूक लागली तर ते पुस्तक विकले जात नाही. प्रकाशकांनी आवाज उठवला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकिटाचा माग काढता येतो. ते जाते जमिनीवरून, विमानाने नाही, म्हणूनच हा दर परवडतो.

हलक्या रजिस्टर पत्रांना जे हवे आहे ते इथे दिलेले दिसते : सावकाश, स्वस्त, पण हिशेबात राहणारी सेवा. पुस्तकांना ती मिळाली, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे संघटित होते. तहसीलदाराला पत्र लिहिणाऱ्यांची संघटना नसते.

ज्ञान पोस्टलाही कुंपण आहेच. त्यात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तके चालतात. छापणाऱ्याचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते. नियतकालिके चालत नाहीत आणि व्यापारी जाहिरातीही नाहीत. वर्षातून एकदा निघणारे आणि जाहिरातींवरच उभे राहणारे दिवाळी अंक त्यामुळे बाहेर राहतात. जाहिरातीशिवाय दिवाळी अंक काढून दाखवणारा संपादक अजून जन्माला यायचा आहे.

कायद्यात ‘रजिस्टर पोस्ट’ लिहिले आहे, त्याचे काय?

हा प्रश्न वकिलांना सर्वाधिक सतावतो. १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार, योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचले असे मानले जाते. चेक न वटल्याच्या प्रकरणांत या गृहीतकाला मोठे वजन आहे. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढची कारवाई सुरू होते. समोरचा ‘नोटीस मिळालीच नाही’ म्हणाला, तर हेच कलम कामी येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सी. सी. अलवी हाजी प्रकरणात ते स्पष्ट केले आहे.

स्पीड पोस्ट कायद्याला अगदीच परके नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स बजावण्यासाठी रजिस्टर पोस्टाबरोबर स्पीड पोस्टाचाही उल्लेख आहे. चेकच्या खटल्यांत समन्स स्पीड पोस्टाने पाठवण्याची तरतूद परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४४ मध्ये आहे. परंतु असंख्य नियम, उपविधी, भाडेकरार आणि कंत्राटे ‘रजिस्टर पोस्टाने कळवावे’ एवढेच म्हणतात. पाच रुपयांच्या जोडसेवेला ‘नोंदणी’ हेच नाव ठेवले आहे, हे अशा ठिकाणी महत्त्वाचे ठरते. साधे स्पीड पोस्ट आणि नोंदणीसह स्पीड पोस्ट या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खिडकीवर गेल्यावर काय पाहावे?

पत्र कायदेशीर असेल, तर नुसते ‘स्पीड पोस्ट करा’ म्हणू नये. ‘नोंदणीसह’ असे स्पष्ट सांगावे आणि त्याचे पाच रुपये पावतीवर आले आहेत ना ते तिथेच वाचावे. पोचपावती हवी असेल तर तीही वेगळी मागावी. ओटीपीची सोय घ्यायची तर समोरच्याचा मोबाइल क्रमांक चालू असायला हवा. नोटीस टाळणाऱ्या माणसाकडून ओटीपीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, तिथे नोंदणीच बरी.

नव्या करारात पत्रव्यवहाराचे कलम लिहिताना ‘रजिस्टर पोस्टाने किंवा नोंदणीसह स्पीड पोस्टाने’ असे शब्द घातले तर पुढचा वाद टळतो. पाकीट ५० ग्रॅमच्या थोडेसेच वर जात असेल तर पाठपोट छपाई करून ते खाली आणता येते. बाहेरगावच्या पत्रावर त्यात किमान १४ रुपये वाचतात. आणि त्याच पत्त्यावर दोन वेगवेगळी पत्रे जायची असतील, तर कायद्याने वेगळी पाठवणे आवश्यक नसल्यास ती एकाच पाकिटात घालावीत. जुन्या दरात त्यात नोंदणीचे १७ रुपये आणि कर वाचत असे. आता हलकी पत्रे असतील तर संपूर्ण दुसऱ्या पाकिटाचा खर्च वाचतो.